तीन इंचाचं गिरमिट

१९ ऑगस्ट १९५६, पांढुर्णा

ही वही दत्तात्रय भाऊजींची. पहिल्या पानावर त्यांनी कोणाच्या तरी खिडकीचं माप लिहून ठेवलं आहे, बाकी सगळी कोरी. ताई म्हणाली, "घे, तूच लिही काही. तेवढा वेळ तुझं तोंड तरी बंद राहीन."

मी इथं चार दिवसांसाठी आलो होतो. आज अकरावा दिवस. याआधी इटारसी स्टेशनावर चहा विकला, अमरावतीला छापखान्यात खिळे जुळवले, मग तंबूच्या सिनेमासोबत बैतूलपर्यंत गेलो आणि तिथं भांडण झालं. भांडण कशावरून ते लिहायला बसलो तर वही पुरायची नाही. सातवी नापास माणसाला एवढं फिरायला मिळालं हेच पुष्कळ.

भाऊजी मागच्या वर्षी विषमज्वरानं गेले. मागं राहिली ताई, हे सुतारकामाचं दुकान, एक तेल इंजिन, सत्तरीचे नत्थूजी मिस्त्री आणि ती बरमा-मशीन. मशीन म्हणजे पुरुषभर उंच लोखंडी खांब, वर पुल्ली, इंजिनापासून आलेला पट्टा आणि खाली लाकूड ठेवायचा पाट. लढाई संपल्यावर सरकारी लिलावात भाऊजींनी ती उचलली होती. लाकडाला भोक पाडते, पण अर्ध्या इंचापर्यंतच.

आज बापूजी जेवायला होते. ते ताईचे भासरे, भाऊजींचे थोरले भाऊ. म्हणाले, "दिवाळी झाली का नागपूरचा व्यापारी मशीन घेऊन जाईन. अर्ध्या इंचाच्या भोकासाठी एवढं धूड कोण पोसते?" मशीन गेली की इंजिन जाणार, इंजिन गेलं की दुकानाला दुसऱ्याचं कुलूप, आणि ताई बापूजींच्या गावी त्यांच्या चुलीपुढं. हे त्यांनी मायेनंच सांगितलं. ताईनं पुढची भाकर इतकी जोरात थापली की परातीचा आवाज रस्त्यावर गेला असेल.

२२ ऑगस्ट

माळ्यावर साप शिरला असं वाटलं म्हणून चढलो. साप नव्हता. ग्रीसमध्ये बुडवलेलं एक खोकं होतं, आत तीन मोठाली गिरमिटं. पातं तीन इंच रुंद, दांडी एक इंच जाड, टोकाला स्क्रूसारखी चोच. मशीनच्या तोंडाशी तीन जबड्यांचा चक आहे, त्यात ही दांडी शिरायचं नाव नाही.

"नत्थूजी, हे कायले आणलं होतं?"

"तुह्या भाऊजीले विचार."

"वर जाऊन?"

"तू कुठंही जाऊ शकते. चार दिवसाच्या वर तू कुठं टिकते?"

मग स्वतःच सांगितलं. बैलगाडीच्या चाकाच्या मधोमध बाभळीचा जाडजूड तुंबा असतो. त्याच्या पोटात लोखंडी नळी बसवतात, तिला आवन म्हणतात, आणि त्या आवनात गाडीचा आख, म्हणजे आस, घालतात, त्यावर चाक फिरतं. आवनाचं भोक पटाशीनं कोरायला एका माणसाला दीड दिवस लागतो, आणि जरा तिरपं गेलं की चाक डुलत चालतं. भाऊजींना ते भोक मशीननं पाडायचं होतं.

"मग पाडू ना!" मी म्हटलं.

"पाडा, पाडा," ते म्हणाले. नंतर दांडीवरचा ठोकलेला आकडा मला वाचायला लावला. हात लांब करून गिरमिट धरलं होतं, तरी म्हणे, "तूच वाच बे, मले कंटाळा येते." इतका आळशी मिस्त्री मी पाहिला नाही.

२७ ऑगस्ट

सोपं आहे. दांडी जाड, तर बारीक करायची! बाजारातल्या लोहाराकडं नेली. त्यानं लाल करून ठोकून ठोकून अर्ध्या इंचाची केली. नत्थूजी दारातून जात होते.

"तापवून राह्यला का?"

"हो."

"बरं."

एवढंच. पोटात दुखतं त्यांच्या, दुसरं काय.

३० ऑगस्ट

बापूजी आले होते म्हणून मुद्दाम आजच चालवली. अर्धी गल्ली जमली. तुंबा पाटावर ठेवला, हातानं दाबला, पट्टा चढवला. गिरमिटाची चोच बाभळीत घुसली आणि थांबेचना, लाकडाला आत आत ओढत गेली. इंजिन खोकलं. मग तुंबाच माझ्या हातातून सुटून गरागरा फिरायला लागला, एक तडाखा माझ्या मांडीवर बसला, आणि लोहारानं बारीक केलेली दांडी जिलेबीसारखी पिळून कट्‌कन तुटली.

बापूजी धोतर सावरत म्हणाले, "तीनशे माणसाच्या लग्नातही एवढा तमाशा होत नाही. झालं समाधान?"

तेव्हा ताई दाराआडून बोलली. भासऱ्यांसमोर ती कधी बोलत नाही. "दसऱ्यापर्यंत थांबा म्हणावं. तुमच्या डोळ्यांदेखत तुंब्याला भोक पडलं नाही, तर मशीनला हार घालून मीच रवाना करते."

"आणि हा तुहा भाऊ पळाला त?"

"पळाला त पळाला."

बापूजींनी मान्य केलं. मला मात्र ताईचा राग आला. मी पळणारा आहे का? इटारसीचं वेगळं होतं.

४ सप्टेंबर, पोळा

बापूजींच्या बैलांची शिंगं रंगवली. दोन वाट्या गेरू कालवला, एक वाटी उरली. नत्थूजी म्हणाले, फेकू नको. उद्या सावरगाववाल्यांशी गोटमार, नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना गोटे मारायची दरवर्षीची लढाई. मी फक्त पाहायला जाणार आहे.

७ सप्टेंबर

डाव्या हातानं लिहितो आहे म्हणून अक्षर असं.

फक्त पाहायलाच गेलो होतो. जाम नदीत मधोमध पळसाचं झाड, पलीकडं सावरगाव, अलीकडं आपण. ओळखीचा एक जण म्हणाला, "पांढुर्ण्याचं खातो आणि काठावर उभा राहतो?" मी उतरलो. तिसराच गोटा उजव्या हातावर. दोन बोटं सुजून भज्यांएवढी झाली. हाड शाबूत आहे म्हणतात.

हळद लावता लावता ताईनं दसऱ्यापर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. ते गोट्यापेक्षा जास्त लागलं.

११ सप्टेंबर

हात गळ्यात. काम करता येत नाही, फिरलो तर लोक "काय मग, सावरगाववाल्यांनी प्रसाद दिला का?" विचारतात. म्हणून चार दिवस मशीनसमोर स्टूल टाकून बसून आहे. एका गोष्टीकडं एवढा वेळ मी जन्मात पाहिलं नसेल, सिनेमाकडंही नाही.

तर आज दिसलं. चकाच्या वर जो फिरणारा दांडा आहे, त्याला आरपार एक लांबट फट आहे. ग्रीस आणि भुशानं बुजली होती. कोणी उगाच अशी फट ठेवणार नाही.

"नत्थूजी, ही फट कशाची?"

"फट म्हणजे फट," म्हणाले आणि विडी पेटवली.

१२ सप्टेंबर

सकाळी मशीनच्या पाटावर लोखंडाची एक चपटी पाचर पडलेली. कोणीतरी विसरलं असेल. सहज त्या फटीत घालून पाहिली तर जाऊन बसली! डाव्या हातानं हातोडीचा एक ठोका दिला आणि अख्खा चक खाली, माझ्या पायापासून वीतभर लांब.

म्हणजे चक हा मशीनचा भाग नाहीच. तो वरच्या दांड्याच्या पोकळीत नुसता ठासून बसवला होता. पोकळी खाली रुंद आणि वर निमुळती. चक काढून गिरमिटाची जाड दांडीच तशी निमुळती केली, तर ती थेट दांड्यात बसेल. बारीक करायची गरजच नव्हती! मी ओरडतच घरात गेलो. ताई पीठ चाळत होती. म्हणाली, "हळू. हात सांभाळ." पण हसत होती.

१८ सप्टेंबर

अडलं. पोकळीचा उतार मोजायचा कसा? आत पट्टी जात नाही, काडी घातली तर उतार कळत नाही.

नत्थूजींना कशाचं काही नाही. चार दिवसांपासून सागाची एक खुंटी तासत बसलेत. तिला पोळ्याचा उरलेला गेरू फासायचा, मशीनच्या त्या पोकळीत घालून एक वळसा द्यायचा, काढायची, जिथं गेरू घासला गेला तेवढंच किसायचं. आवन तुंब्यात बसवताना सुतार असंच करतात म्हणे. करताना डोळे मिटून घेतात आणि अंगठा फिरवतात. मला मात्र सारखी हाक.

"पाह्य बे, लाल कुठं पुसला?"

"वरच्या बाजूनं, बोटभर."

"आता?"

"आता मधात."

मी विचारलं हे काय चाललंय, तर म्हणे, "हाताले चाळा." मी इथं डोकं फोडून घेतोय आणि यांना चाळा सुचतो.

१९ सप्टेंबर

मला सुचलं!! काल संध्याकाळी गेरू खुंटीवर सगळीकडं सारखा पुसला गेला, तशी नत्थूजींनी ती कचऱ्याच्या ढिगावर फेकली. आज भुसा भरताना माझी नजर पडली. ही खुंटी म्हणजे पोकळीच्या उताराचा नेमका नमुना! उचलून धुतली, कपड्यात गुंडाळली. नत्थूजींना सांगितलं नाही, उगाच परत मागतील. सौसरला रवींद्र म्हणून एक खरादवाला, लोखंड कातणारा, आहे, त्याच्याकडं नेतो.

२५ सप्टेंबर, सौसर

काल सकाळच्या मोटरीनं निघालो. मोटरीत शेजारी एक म्हातारा, "जामसांवलीचा मारुती पाहिला नाही? निजलेला मारुती?" मी उतरलोच. दर्शन झालं, प्रसाद झाला, मग देवळाच्या पारावर बसलेले दोन कंत्राटदार नागपूरचं आता काय होणार, आपला जिल्हा मुंबईकडं की भोपाळकडं, यावर इतकी गरम चर्चा करत होते की मीही तीन वेळा मत बदललं. सौसरला पोचलो तर खराद बंद. धर्मशाळेत झोपलो. आता दसऱ्याला एकोणीस दिवस आणि मी एक गमावला. ताईला सांगणार नाही.

आज रवींद्रनं खुंटी हातात घेतली, फिरवून पाहिली, दिव्याकडं धरली.

"हे कोणं केलं?"

"सापडली."

"कुठं?"

"कचऱ्यात."

तो इतका हसला की त्याला खराद थांबवावी लागली. "ज्याच्या कचऱ्यात अशी वस्तू सापडते, त्याले माहा नमस्कार सांग." मग दुसऱ्या गिरमिटाची दांडी न तापवता, थंडीच कातून, खुंटीला लावून लावून निमुळती केली. वरच्या टोकाला एक चपटी जीभ ठेवली, म्हणजे दांडी आत घसरणार नाही आणि पाचरीला ठोकायला जागा राहील.

तिथंच श्रीधरजी भेटले, संत्र्याचे व्यापारी. त्यांच्या बारा गाड्या पांढुर्ण्याच्या स्टेशनावर संत्री आणतात. "चाकं डुलतात, खालचा थर दबून जाते. हातानं कोरलेलं भोक कधी सरळ येत नाही. तुमची मशीन सरळ पाडत असेल तर चोवीस तुंबे माझे. पण आधी पाडून दाखवा, नुसतं सांगणारे लय आहेत."

२९ सप्टेंबर

बसलं! आत सरकवलं, खालून लाकडाचा एक ठोका, आणि गिरमिट मशीनला असं धरून राहिलं जसं तिच्यासोबतच जन्मलं. नत्थूजींना रवींद्रचा नमस्कार सांगितला. "त्याले काय समजते," म्हणाले, पण दोन चहा प्यायले आणि शिटी वाजवली.

मग पट्टा चढवला आणि आनंद संपला. दांडी घसरत नाही, पण ती चोच! पुन्हा बाभळीत घुसून ओढत सुटली. या वेळी मी लगेच पट्टा पाडला, म्हणून गिरमिट वाचलं. हे गेलं तर एकच उरतं.

३ ऑक्टोबर

आपला जिल्हा भोपाळकडं जायचं पक्कं झालं असं मोटर स्टँडवर कळलं. तिथं मी का गेलो होतो ते खरं सांगतो. अमरावतीची गाडी किती वाजता आहे ते पाहायला.

बसून राहिलो बाकावर. एक पोरगी भोवरा फिरवत होती, आरीवर तो जागच्या जागी फिरत होता. आर गुळगुळीत. तिला पेच असता तर जमिनीत घुसला असता! उठलो, धावत दुकानात आलो. चोच गुळगुळीत घासून नुसती खुंटी करायची. पण मग ती मधात कशी राहणार? आधी तुंब्याला अर्ध्या इंचाचं आरपार भोक पाडायचं, ते तर मशीनला पहिल्यापासून येतंच! आणि मग मोठ्या गिरमिटाची गुळगुळीत खुंटी त्या भोकात धरून चालेल. वाट आधीच असेल तर ते भटकणार कुठं?

नत्थूजींना सांगितलं. विडी हातात तशीच विझली. ती परत पेटवून म्हणाले, "हं." मग, "हे मह्या डोक्यात नव्हतं आलं." त्यांच्या डोक्यात यायचं कारणच काय? ते तर मशीनच्या विरोधात आहेत.

अमरावतीची गाडी केव्हा गेली ते कळलंच नाही.

१० ऑक्टोबर

सात दिवस लिहिलं नाही. चोच घासली. मशीन फार जोरात पळते, बाभूळ जळून धूर निघतो, म्हणून आम्ही दोघांनी सागाच्या फळ्या जोडून दोन हात रुंद चाक बनवलं आणि वरच्या पुल्लीच्या जागी बसवलं. आता गिरमिट इतकं सावकाश फिरतं की मोजता येतं. तुंबा हातानं धरायचा नाही, खाचेच्या लाकडात ठेवून दोन्हीकडून पक्का आवळायचा. सगळं मीच पाहतो, नत्थूजी अंगठ्यानं तपासतात. "पाह्य बे, सरळ आहे का?" विचारतात. सरळ असतं.

१३ ऑक्टोबर, दसऱ्याच्या आदल्या दिवशी

बापूजी आले. मागून गल्ली आली. गोटमारीला मला चिडवणारा तोही आला. कोणी म्हणालं, "मांडी सांभाळ रे!"

आधी बारीक भोक दोन्हीकडून आरपार पाडलं. पाचर ठोकून चक उतरवला, गिरमिट चढवलं. बरा झालेला उजवा हात सदऱ्याला पुसला. पट्टा चढला. गिरमिटाची खुंटी बारीक भोकात शिरली आणि पात्याखालून बाभळीचा छिलका निघाला, जाड, लाल, सलग, वेटोळं होत पाटावर पडायला लागला. धूर नाही. ओढाताण नाही. लोक पुढं सरकून पाहायला लागले.

अर्ध्यावर गेलं की मशीनची पोच संपते, म्हणून तुंबा उलटा करून दुसऱ्या बाजूनं पाडायचं. दोन्हीकडची भोकं मधात भेटली तरच खरं. खर्र, खर्र, आणि एकदम हलकं झालं. आरपार.

बापूजींनी तुंबा उचलून डोळ्याला लावला. पलीकडून ताई दिसली असेल, कारण ती तिथंच उभी होती, आज दाराच्या बाहेर. नत्थूजींनी तुंबा घेतला, अंगठा आत घातला, डोळे मिटून मधापर्यंत फिरवला. परत फिरवला.

"सांधा सापडून नाही राह्यला," म्हणाले.

गल्लीनं जे ओरडायला सुरुवात केली ते सावरगावला ऐकू गेलं असेल. आवन गेरू लावून ठोकलं, चारही बाजूंनी सारखं लाल उमटलं. दीड दिवसाचं काम, पाऊण तासात! बापूजी म्हणाले, "दत्ताचं डोकं होतं, बरं." त्यांनी तुंब्यावरून हात फिरवला. "मी त्या व्यापाऱ्याले पत्र टाकतो." ताईनं त्यांना वाकून नमस्कार केला, मग नत्थूजींना केला. नत्थूजींना का, ते मला समजलं नाही. मला तिनं फक्त जास्तीची पुरणपोळी वाढली.

१ नोव्हेंबर

आजपासून राजधानी भोपाळ. शाळेत झेंडा, पेढे. मी गेलो नाही, तुंबा क्रमांक एकोणीस पाटावर होता.

६ नोव्हेंबर

परवा भाऊबीज, आज ट्रक. नागपूरचा व्यापारी दारात, सोबत चार हमाल आणि दोरखंड. बापूजींचं पत्र त्याला मिळालंच नव्हतं. "दिवाळीनंतर या म्हणाले होते ना? आलो."

मी पुढं होणार, तेवढ्यात ताई बाहेर आली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ त्याच्याशी बोलली.

"मशीन विकायची नाही, भाऊ. तुम्हाला हेलपाटा पडला, जेवून जा. परत जाताना सौसरवरून जाता का?"

"हो."

"ट्रक रिकामाच जाते ना? मग हे चोवीस तुंबे श्रीधरजींकडं उतरवून द्या."

व्यापारी बापूजींकडं पाहत राहिला. बापूजींनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि पहिला तुंबा स्वतः उचलून ट्रकात ठेवला. मग हमाल काय करतील? मशीनसाठी आणलेल्या दोरखंडानं तुंबे बांधले. व्यापाऱ्यानं एकातून आरपार पाहिलं, मग दुसऱ्यातून. "नागपूरले पाठवता का असे?" नत्थूजी म्हणाले, "आम्हाले नाही, मिस्त्रीले विचारा," आणि बोट माझ्याकडं.

सौसरला मीच गेलो, तुंब्यांवर बसून. श्रीधरजींनी एकेकात आवन घालून आखावर फिरवून पाहिलं. चोवीसच्या चोवीस जागच्या जागी फिरले. माल उतरला तसा ड्रायव्हर म्हणाला, "चाल नागपूरले, फुकट नेतो. तिथं थेटरात नवीन सिनेमा लागला."

मी म्हटलं, "उद्या सकाळी इंजिन कोण चालू करीन?"

पांढुर्ण्याची शेवटची मोटर निघतच होती. धावत जाऊन पकडली.